आधी विस्तव, मग बंदूक

आधी खिशातला लायटर काढून ठेवा. काडेपेटी असेल तर तीही. आपण निघालोय तिथे आग कुणाच्या खिशात नसते. ती कुणीतरी रात्रभर राखेत पुरून जपलेली असते, आणि आपली विझली तर खापर घेऊन शेजारच्या घरी मागायला जावं लागतं. चपला हातात घ्या, वाळू खोल आहे. आणि चहाची तल्लफ आली तर ती इथेच गिळून टाका. चहा अजून या किनाऱ्याला लागलेला नाही.

आता एक लांब श्वास घ्या. डोळ्यांच्या आधी नाकाला कळेल की मालवण आलं.

वैशाख सरत आलाय. वाळूवर बांगडे आणि गोलमो वाळत पडलेत, त्यांचा खारट दर्प थेट घशात उतरतो. पाठोपाठ भट्टीचा धूर येतो. शिंपल्यांचे ढीग लाकडांच्या थरात रचून जाळताहेत; त्याचा चुना होणार आणि होड्यांतून समोरच्या बेटावर जाणार. तिसरा वास उंडीच्या कडू तेलाचा. पालथ्या घातलेल्या होडीच्या पोटाला एक गाबीत ते तळहाताने चोळतोय, कोपरापर्यंत त्याचे हात चकाकताहेत. ऊन वरून जेवढं लागतं तेवढंच वाळूतून पायांना चढतं. उभं राहू नका, चालत राहा.

समोर पाण्यात कुरटे बेट आणि त्यावर अर्धा उभा राहिलेला सिंधुदुर्ग. शेकडो छिन्न्यांचा आवाज पाण्यावरून येतोय. थोड्या वेळाने तुमचे कान त्याला सरावतील, आणि जेवणवेळेला तो थांबला की दचकाल. नोव्हेंबर 1664 मध्ये मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली, काम तीन वर्षं चाललं, हिरोजी इंदुलकरांची देखरेख होती, हे सगळं तुम्ही शाळेत वाचलंय. तट बघायला पुन्हा केव्हाही या, तो कुठे जात नाही. तुमची भूक वेगळी आहे, म्हणून तर तुम्हाला घेऊन आलो.

तुम्ही जुनी हत्यारं जमवणाऱ्यांपैकी. जुन्या जर्मन लष्करी रायफलींच्या मागे लागलेले लोक जगभर आहेत. नेकार नदीकाठच्या ओबर्नडॉर्फ गावातल्या माउझर बंधूंची 1871 ची, एका वेळी एकच गोळी घेणारी रायफल. मग 1898 ची, पाच गोळ्या पोटात ठेवणारी. ती रायफल शोधली तर मिळते. जीव खातं ते तिच्याबरोबरचं सामान: नळीच्या तोंडावरचं पत्र्याचं झाकण, तेलाची डबी, खांद्याचा पट्टा, काडतुसांच्या कातडी पिशव्या. खरा जमवणारा त्या तेलाच्या डबीसाठी वर्षानुवर्षं थांबतो, आणि माझ्या मते तोच शहाणा. नळी सांगते की गोळी कशी सुटायची. तेलाची डबी सांगते की पावसात भिजलेल्या माणसाने रात्री काय केलं. मालवणला तर ही गोष्ट दुप्पट खरी आहे, कारण या हवेत बंदूक चालवणं सोपं आणि बंदूक सांभाळणं महाकठीण.

होडी सुटतेय, चढा. मधल्या फळीवर एक बरकंदाज, म्हणजे बंदूकधारी शिपाई, बसलाय, त्याच्यापासून हातभर अंतर ठेवा.

“पावण्यानू, हयसर बसा,” तो सांगतो. “तोड्याकडसून लांब. पाणी उडता.”

त्याच्या डाव्या मनगटाला वेटोळं घातलेली सुताची दोरी दिसतेय? तोच तोडा. सोऱ्याच्या पाण्यात उकळून वाळवलेला. ज्योत नाही, नुसता लाल डोळा, आणि दोन्ही टोकं पेटलेली. बंदूक उडताना एक विझलं तर दुसरं हाताशी असावं म्हणून. बोटभर जळला की तो सरकवायचा, राख झटकायची, हलकी फुंकर घालायची. हे तो तुमच्याशी बोलताना, पाणी पिताना, लाटेवर होडी उचलली गेली तरी करत राहतो, न बघता. तुम्ही विचारताच की विझला तर काय.

“इझलो तर पेटवूक चूल खंय असा हय?”

त्याच्याकडे चकमक आहे म्हणा. कमरेच्या पिशवीत गारगोटी, पोलादाचा तुकडा आणि भेरल्या माडाच्या झावळीच्या बुडाशी येते ती तपकिरी मऊ लव. ठिणगी तिच्यावर पडली की धरते. पण हलत्या होडीत, दमट वाऱ्यात, समोरून दुसरी होडी येत असताना ठिणगी पाडत बसायला वेळ कोण देणार? म्हणून पहाटे घरातून निघताना चुलीतला विस्तव तोड्यावर घ्यायचा आणि तो दिवसभर मरू द्यायचा नाही. होडीच्या मागच्या बाजूला मडक्यात नारळाचा सुंभही धुमसत ठेवलाय. सुंभ हळू जळतो, विझायला कुरकुरतो आणि फुकट मिळतो. या किनाऱ्यावर तिन्ही गुण मोलाचे.

बेटाला लागलो. उतरताना गुडघाभर पाणी आहे, कोमट. आता त्याला गोडीने विचारा, तो बंदूक हातात देईल.

जड वाटली ना? पण तोल नळीकडे झुकलेला आहे, हे लगेच कळतं. खांद्याला टेकवायला रुंद दस्ता शोधू नका. कुंदा सडपातळ, सरळ, काखेत धरायचा. नळी त्यावर कातडी वाद्यांनी आवळून बांधलीय. वादी घट्ट आहे की नाही हे तो दर वेळी अंगठ्याने चाचपतो, कारण समुद्राच्या हवेत कातडं सैल पडतं. नळीच्या मागच्या बाजूला बारीक भोक, त्याला कान म्हणायचं. कानाशेजारी रंजक, म्हणजे पेटवणीची बारीक दारू, ठेवायची छोटी वाटी आणि तिच्यावर सरकतं झाकण. कुंद्याच्या खाचेतून तोडा धरणारा लोखंडी चिमटा वर आलाय. चाप दाबला की चिमटा तुमच्यापासून दूर, पुढे वाकतो आणि पेटता तोडा वाटीत टेकवतो.

आता त्याच्या कमरेकडे बघा. तुम्ही ज्यासाठी आलात ते सगळं तिथे लोंबतंय. म्हशीच्या शिंगाचं बारूददान, रुंद तोंडाला लाकडी बूच, सांध्यावर राळ आणि मेणाचा थर. गोळ्यांची पिशवी, वापरून वापरून काळी पडलेली. दोरीला बांधलेली कान मोकळा करायची सळई, दातकोरण्याइतकी बारीक. आणि हे छोटं टोक, हाताच्या मुठीत मावणारं: रंजकदाणी. तिच्या तोंडाशी लोखंडी पातं आहे. अंगठ्याने दाबलं की चिमूटभर बारीक दारू बाहेर येते, सोडलं की तोंड बंद. शिंगावर एका बाजूला झीज आहे, तुमचा अंगठा बरोबर तिथेच जाऊन बसेल. त्याच्या आधी हे कुणाचं होतं विचारा. बापसाचा, तो म्हणेल. बंदूक मात्र बापाची नाही. ती बदलत गेली, नळी फुटली, नवी आली. रंजकदाणी तशीच राहिली.

आता भरून बघा. घाई नको. शिंगातून मापभर दारू नळीत ओता. गज काढा, दोनदा ठासा. चिंधीत गुंडाळलेली गोळी आत सोडा, पुन्हा गज. गोळी अजून किंचित गरम असेल. पलीकडे पायाच्या चिऱ्यांच्या सांध्यात ओतायला शिसं वितळवलंय, आणि भांड्याच्या तळाशी उरलेलं एक पोरगा गोळ्यांच्या साच्यात ओततोय. मग सळईने कान मोकळा करा, वाटीत रंजक, झाकण बंद, वरची सांडलेली फुंकून टाका. ही फुंकर विसरलात तर दाढी जळते. आता तोडा चिमट्यात, टोक फुंकून लाल, झाकण उघडा, माशी नेमावर धरा आणि चाप हळू ओढा.

आधी वाटीत फस्स होतं. डोळ्यासमोर पांढरा भपका येतो, गालाला झळ लागते आणि क्षणभर वाटतं की झालं, फुकट गेली. मग ती उडते. काखेत धक्का, कानात शीळ, आणि समोरचं सगळं धुरात नाहीसं होतं. नेम लागला की नाही हे वाऱ्याने धूर नेईपर्यंत कळत नाही. नासक्या अंड्याचा वास तोंडात येतो आणि जिभेवर खारट राहतो. चार-पाच बार झाले की नळीत काजळी एवढी चढते की गोळी आत जाईना. मग गरम पाणी ओतून धुवायची, चिंध्यांनी कोरडी करायची, तेलाचं बोट फिरवायचं. इथे पुन्हा चूल लागते. बंदुकीचा प्रत्येक रस्ता चुलीपाशी जातो, हे ध्यानात ठेवा.

या नळीच्या घडणीबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात बंदुकीसाठी नाव घेतलं जाई ते बोहेमियाचं आणि न्यूरेंबर्गच्या जर्मन कारागिरांचं. गोवा घेणाऱ्या अल्बुकर्कने 1513 मध्ये आपल्या राजाला कळवलं की गोव्याचे लोहार बोहेमियाच्या तोडीच्या बंदुका करतात, आणि नमुना म्हणून एक कारागीरच पोर्तुगालला धाडला. मालवणहून दक्षिणेला, गलबताच्या टप्प्यात असलेल्या बंदरातले हे लोहार! पुढे 1543 मध्ये जपानच्या तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर जी बंदूक उतरली, तिच्या घडणीत अनेक अभ्यासकांना गोव्याचा हात दिसतो. म्हणजे जर्मन बंदुकीचा माग काढत निघालेला माणूस या किनाऱ्यावर येऊन पोचतो तो काही वाट चुकून नव्हे.

खरा जर्मन बघायचाय? मग गलबतात बसा, निवतीचे खडक उजवीकडे टाकून वेंगुर्ल्याला जाऊ. तिथे डच कंपनीची वखार आहे; तिच्या पडक्या भिंती तुमच्या काळातही उभ्या आहेत. कंपनीच्या शिपायांत जर्मन मुलखातले लोक पुष्कळ असत. हा एक दारात बसलाय. लोकरी अंगरखा, मानेला घामोळं, चेहरा उकडल्यासारखा लाल. त्याच्या छातीवरून तिरपा पट्टा गेलाय आणि त्याला लाकडी डब्या टांगल्यात, एकेका डबीत एकेका बाराची दारू. चालला की त्या एकमेकींवर आपटून खडखडतात, माणूस दिसायच्या आधी ऐकू येतो. त्याची बंदूक आपल्या बरकंदाजाच्या बंदुकीशेजारी भिंतीला लावून ठेवा. त्याचा दस्ता रुंद, खांद्याला लावायचा. त्याच्या चिमट्याची गती उलटी: तोडा पुढून मागे, तोंडाकडे येतो. आपला बरकंदाज ते बघून मान मागे घेतो. हसत नाही, हत्याराला कुणी हसत नाही.

शिपाई एक डबी उघडायला जातो. झाकण निघत नाही. दमट हवेने लाकूड फुगलंय. तो दाताने ओढतो, पट्ट्यावर आपटतो, शेवटी उघडते तेव्हा आतली दारू गोळा झालेली. बरकंदाज आपलं शिंग पुढे करतो. बूच काढून हातावर थोडी दारू ओतून दाखवतो: सुटी, खळखळीत. शिंग फुगत नाही, गंजत नाही, ओलं झालं तर पुसून टाकायचं. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही, पण शिपाई ते शिंग हातात घेऊन बराच वेळ उलटंपालटं करतो आणि नाणी काढतो. बरकंदाज मान हलवतो. विकायचं नाही.

परत मालवण. आता आभाळाकडे बघा. पश्चिमेला काळं धरलंय आणि सगळा किनारा एकदम धावायला लागलाय. आगोटीचे दिवस. मीठ, उकडे तांदूळ, सुकी मासळी, लाकूडफाटा घरात ओढून घेतात. होड्या वर चढवून झापांनी शाकारतात. किल्ल्यावर दारूकोठारापाशी दारू कापडावर पसरून शेवटचं ऊन खाऊ घालताहेत. तिथे जाताना पायातलं काढा, कमरेचं लोखंडही. सोऱ्याचा खडा जिभेला लावून बघायचा असेल तर बघा, आधी खारट लागतो आणि मग जीभ गार पडते. चांगला सोरा कोरडा राहतो. त्यात साधं मीठ मिसळलेलं असेल तर तो हवेतून पाणी ओढतो, आणि अशा दारूची बंदूक आषाढात नुसती फुसफुसते.

पहिला पाऊस बरकंदाजाच्या घरी काढा. पडवीत वाकून शिरा. बाहेर पाणी झापांवर कोसळतंय, आत धूर कोंडलाय, डोळे चुरचुरतात आणि मातीच्या भिंतीतून गार ओल येते. चुलीवर पेज रटरटतेय, निखाऱ्यावर सुका बांगडा भाजतोय. त्याची म्हातारी आई उकिडवी बसून राखेतला विस्तव सारखा करतेय. या घरातलं शस्त्रागार तिच्या ताब्यात आहे. बंदूक तेल चोळून, मेणकापडात गुंडाळून चुलीच्या वरच्या माळ्याला बांधलीय. धुरात लोखंड गंजत नाही, लाकडाला कीड लागत नाही. तोड्याच्या गुंडाळ्या तिच्याच शेजारी. शिंग मात्र या खोलीत येऊ द्यायचं नाही.

“खंय ठेवलंस ती शिंगां?” ती ओरडते. “हय चूल असा, बाबा!”

आणि इथेच सगळी अडचण एकवटलीय. बंदुकीला चूल हवी. तोड्याला चूल हवी. दारूलाही ऊब हवी, नाहीतर तिची माती होते, पण दारू आणि चूल एका छपराखाली आली तर छप्पर उरत नाही. म्हणून शिंगं पलीकडच्या खोपीत, भाताच्या कणगीत, कोंड्यात पुरून ठेवलीत. कोंडा ओल पितो. दर आठ-दहा दिवसांनी उघडीप मिळाली की ती स्वतः जाऊन बाहेर काढते, बुचावरचं मेण बोटाने चाचपते, ऊन दाखवते, पुन्हा पुरते. हे तिला कुणा जमादाराने शिकवलेलं नाही. लोणच्याची बरणी ती याच डोळ्याने सांभाळते.

मध्यरात्री हाक येते. खाडीच्या तोंडाशी कुणाची तरी तरांडी दिसलीय. बरकंदाज उठतो, डोक्यावर इरलं घेतो. म्हातारी राख उकरते, निखारा काढते, तोड्याचं टोक त्यावर धरून फुंकते. तो लाल होतो. मग ती त्याच्या हातात एक पोकळ करवंटी देते, तोड्याचं टोक झाकायला. इरल्याखाली बंदूक, बंदुकीवर मेणकापड, करवंटीत विस्तव, आणि शिंग अंगाशी, धोतराच्या घडीत. तुम्हीही चला त्याच्यामागे. पाणी मानेतून आत शिरतं, पायाखाली चिखल, पुढचा माणूस दिसत नाही, दिसतो तो करवंटीच्या फटीतला लाल ठिपका. तरांडी कुणाची होती हे मी सांगत नाही. पावसात एकही बार उडाला नाही, आणि तिकडूनही उडाला नाही. दोन्हीकडचे लोक आपापला विस्तव झाकत बसले, उजाडल्यावर ती भरकटलेली निघाली. अशा रात्री पुष्कळ असत आणि बखरीत त्या येत नाहीत.

नारळी पौर्णिमेला दर्या उघडला की तुम्ही आपल्या काळात परत या. जाताना कुडाळजवळच्या एखाद्या शेतघरी थांबा. ओसरीच्या भिंतीवर ठासणीची बंदूक दिसेल, शेतीच्या राखणीसाठी परवाना काढलेली. माकडं आणि रानडुकरं भात-केळी ठेवत नाहीत. तोडा गेला, आता कॅप आली, पण गज तोच आणि ठासणं तेच. निवडणुका आल्या की ती पोलीस ठाण्यात जमा करायला निघालेले शेतकरी रस्त्यात भेटतील. त्यांच्याशी बोला. दारूचं माप ते हातानेच सांगतील.

पुण्याला गेलात तर राजा दिनकर केळकर संग्रहालयात जा. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास जमवायला सुरुवात केली आणि 1975 मध्ये सगळा संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन केला. अडकित्ते, दिवे, दौती, फण्या, लोक ज्या वस्तूंकडे बघतही नव्हते त्या त्यांनी घरोघर जाऊन आणल्या. तलवारी जमवणारे राजे खूप झाले. रोजच्या हाताळणीने झिजलेल्या वस्तूला दालन देणारा माणूस विरळा, आणि मला तो फार मोठा वाटतो. कोकणातल्या घरांतून अशा कितीतरी रंजकदाण्या केवळ ओळख न पटल्याने गेल्या. पोरांनी खेळून हरवल्या, कुणी त्यात तपकीर ठेवली, कुणी भंगारात दिल्या.

तुमच्या आजोळच्या घराला माळा असेल तर येत्या सुट्टीत वर चढा. जुनी कणगी, मोडका पाळणा, झापांचं भेंडोळं सगळं हलवून बघा. कंदील नको, बॅटरी न्या. शिंग सापडलं आणि हलवल्यावर आत काही खुळखुळलं, तर बूच उघडायची घाई करू नका. काळी दारू कोरडी राहिली असेल तर शंभर-दोनशे वर्षांनीसुद्धा पेटते.